वारा किती जोराचा होता? निफाडच्या एका उलथलेल्या कांदाचाळीचं प्रकरण

हकिगत थोडक्यात अशी. निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात, मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी साडेचारच्या सुमाराला वादळ आलं आणि दहा-बारा मिनिटांत निघूनही गेलं. एका शेतकऱ्याची पन्नास फुटी लोखंडी कांदाचाळ अर्धी उलथली, शेजारच्या पॉलिहाउसचा कागद फाटून तारांवर लोंबकळला, तीन कडुलिंब आडवे झाले, विजेचे सात खांब पडले आणि मळ्यातल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत बाप-लेक जखमी झाले. बापाच्या डोक्याला टाके पडले, मुलाचा दंड पत्र्यानं कापला. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. त्या शेतकऱ्याला आप्पा म्हणू.

अवकाळीनं आणि गारपिटीनं याहून कितीतरी मोठं नुकसान या तालुक्यात अनेकदा केलं आहे. हे नुकसान गावाबाहेर गेलं ते एका व्हिडिओमुळे. आप्पांच्या पुतण्यानं गच्चीवरून काढलेल्या त्या चित्रणात नांगरलेल्या रानातून मातीचा एक फिरता खांब सरकत जाताना दिसतो, मागे काळाकुट्ट ढग आहे आणि घरातली माणसं ओरडताहेत. रात्रीपर्यंत तो ‘निफाडमध्ये टोर्नेडो’ म्हणून जिल्हाभर फिरला. टोर्नेडो म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचलेला, वेगानं फिरणारा वाऱ्याचा खांब. कोणीतरी त्या व्हिडिओला टोर्नेडोच्या तीव्रतेच्या क्रमांकांचा इंटरनेटवरचा तक्ता जोडला आणि चाळ उलथली म्हणजे ईएफ-३, वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटर, असं ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. मी नाशिकला शेड आणि गोदामांची डिझाइनं करतो, या गावातल्या दोन-तीन शेडची गणितंही माझीच. सरपंच म्हणाले, “साहेब, पंचनामा व्हायचाय. टोर्नेडो होता आणि एवढ्या नंबरचा होता, असं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. साधं ‘वादळी वारा’ लिहिलं की कोणी विचारत नाही.”

त्यांची अडचण खोटी नव्हती. आपत्ती मदतनिधीच्या केंद्राच्या यादीत बारा आपत्ती आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड कोसळणं, हिमस्खलन, ढगफुटी, कीड आणि थंडीची लाट. नुसता वारा त्यात नाही आणि टोर्नेडोही नाही. राज्यानं आपल्या पातळीवर अवकाळी पाऊस, वीज पडणं अशा गोष्टी आपत्तीत धरल्या आहेत. म्हणजे टोर्नेडो लिहून पदरात काही पडणार नव्हतंच. यादीतलं चक्रीवादळ समुद्रावर जन्मणारं आणि शेकडो किलोमीटर पसरणारं असतं, जसं ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला लागलेलं निसर्ग. आप्पांच्या रानातला प्रकार फार तर दोन-तीन किलोमीटरचा. हे फोनवर सांगून पटण्यासारखं नव्हतं, म्हणून पाहणीला गेलो.

आकडा येतो कुठून

पाहणीआधी हे सांगायला हवं, कारण सगळा घोळ इथेच होतो. टोर्नेडोचा क्रमांक वाऱ्याचा वेग मोजून देत नाहीत. काय मोडलं ते बघून, एवढं मोडायला किती वारा लागला असेल, असा उलटा हिशेब करतात. शिकागो विद्यापीठातले जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये ही पट्टी मांडली. तिच्यात प्रत्यक्ष वापरातले क्रमांक शून्य ते पाच. मूळ पट्टीत पाचव्या क्रमांकाचा वेग ताशी ४२० ते ५१२ किमी धरला होता. पुढे अभियंत्यांच्या ध्यानात आलं की घरं त्याहून पुष्कळ कमी वाऱ्यात जमीनदोस्त होतात. म्हणून सुधारित पट्टी तयार झाली आणि १ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत वापरात आली. हीच ईएफ पट्टी.

तिच्यात ईएफ-० म्हणजे ताशी १०५ ते १३७ किमी, ईएफ-१ म्हणजे १३८ ते १७७, ईएफ-२ म्हणजे १७८ ते २१७, ईएफ-३ म्हणजे २१८ ते २६६, ईएफ-४ म्हणजे २६७ ते ३२२ आणि त्याच्या वर ईएफ-५. हे वेग तीन सेकंदांच्या झोताचे आहेत, सलग वाऱ्याचे नव्हेत. क्रमांक ठरवायला २८ प्रकारच्या खुणा दिल्या आहेत: शेतावरचं छोटं शेड, राहतं घर, शाळा, विजेचा खांब, कठीण लाकडाचं झाड, मऊ लाकडाचं झाड वगैरे. प्रत्येक खुणेच्या मोडतोडीच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला एक अपेक्षित वेग, एक किमान आणि एक कमाल. शेतातल्या शेडचे काही पत्रे उडाले तर अपेक्षित वेग सुमारे ११९ किमी, छताचा सांगाडाच उचलला गेला तर सुमारे १५०, सगळं शेड नाहीसं झालं तर सुमारे १८०. वादळाच्या सबंध वाटेवर जिथे सर्वांत जास्त मोडतोड झाली, तिथला आकडा साऱ्या वादळाला मिळतो.

मोडायला काहीच नसेल तर काय होतं, ते ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळ दिसलं. तो टोर्नेडो तब्बल ४.२ किमी रुंद होता आणि फिरत्या रडारनं त्याच्या पोटात ताशी ४५० किमीच्या वरचे वारे टिपले. पण तो बहुतांशी मोकळ्या शेतांवरून गेला. आधी जाहीर झालेला ईएफ-५ मागे घेतला गेला आणि अंतिम नोंद ईएफ-३ अशी झाली, कारण जमिनीवरच्या खुणा त्याहून जास्त काही सांगत नव्हत्या. त्यात आठ माणसं गेली, त्यांत गाडीतून वादळाचा पाठलाग करणारे तीन अनुभवी अभ्यासकही होते. तेव्हा ईएफ-३ म्हणजे मध्यम वादळ, असा अर्थ काढणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

आप्पांच्या शिवारात अडचण बरोबर उलटी होती. मोडण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं बरंचसं आधीपासूनच मोडायला टेकलेलं होतं.

रानात काय दिसलं

पहिली गोष्ट, पडलेल्या वस्तूंची दिशा. ढग सिन्नरकडून, म्हणजे दक्षिणेकडून चढला होता. गावाच्या दक्षिणेच्या पट्ट्यात आडवा झालेला ऊस उत्तरेकडे झोपला होता. पश्चिमेच्या अंगाचा ऊस आणि सुबाभळी वायव्येला कललेल्या, पूर्वेच्या अंगाचे लिंब ईशान्येला. शिवाराच्या नकाशावर बाण काढत गेलो तेव्हा ते हातपंख्याच्या काड्यांसारखे उलगडत गेले. पट्टा साधारण अडीच किमी लांब आणि सगळ्यात रुंद जागी किलोमीटरभर. टोर्नेडोच्या वाटेत झाडं एकमेकांवर आडवीतिडवी पडतात, वाटेच्या मध्याकडे ओढल्यासारखी, आणि वाट बहुधा अरुंद असते. इथे एकही झाड उलट दिशेला पडलेलं नव्हतं.

असा पसरत जाणारा नमुना ओळखायला जगाला शिकवलं तेही फुजितांनीच, आणि त्यामागची कथा विलक्षण आहे. १९४५ मध्ये ते कोकुरा शहराजवळच्या महाविद्यालयात शिकवत होते. ९ ऑगस्टच्या बॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुराच होतं. तिथे खालचं काही दिसेना, म्हणून विमान नागासाकीला गेलं. काही आठवड्यांनी फुजिता पाहणीसाठी नागासाकीला पोचले, तेव्हा स्फोटाच्या खाली झाडं चहूबाजूंना बाहेर पडलेली त्यांनी पाहिली. ३ आणि ४ एप्रिल १९७४ ला अमेरिकेत एका दिवसात १४८ टोर्नेडो झाले. त्यांची विमानातून पाहणी करताना एका ठिकाणी त्यांना झाडं तशीच बाहेरच्या दिशेनं पडलेली दिसली. फिरणारा वारा असं करत नाही. ढगातून हवा खाली आदळली असणार, हा तर्क त्यांनी तिथून पुढे नेला. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कमध्ये उतरताना एक प्रवासी विमान कोसळलं, त्याचाही उलगडा त्यांनी असाच केला. आज जगभर वैमानिकांना या कोसळत्या वाऱ्याचं प्रशिक्षण मिळतं ते त्यामुळे. चार किमीपेक्षा लहान क्षेत्रात असा वारा कोसळला तर त्याला मायक्रोबर्स्ट म्हणायचं, ही व्याख्याही त्यांचीच. आप्पांचा अडीच किमीचा पट्टा तिच्यात बसतो.

नाशिकच्या मे महिन्यात याला पोषक सगळं असतं. दुपारी पारा चाळिशीच्या आसपास, जमिनीजवळची हवा कोरडी, ढगाचा तळ उंच. ढगातला पाऊस त्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच सुकायला लागतो, आजूबाजूची हवा थंड आणि जड होते आणि वेगानं खाली येते. जमिनीला टेकली की आडवी पसरण्याखेरीज तिला वाट नसते. मोठा फिरता टोर्नेडो तयार व्हायला उंचीगणिक वाऱ्याची दिशा आणि वेग बराच बदलावा लागतो. उत्तर-पूर्व भारत, बंगाल, ओडिशा आणि बांगलादेशात मार्च ते मे या काळात ते जास्त जुळून येतं. आपल्याकडे क्वचित. अशक्य म्हणणार नाही. दिल्लीत १७ मार्च १९७८ ला आणि पंजाबात फाजिल्का जिल्ह्यात २४ मार्च २०२३ ला टोर्नेडो झालेच.

दुसरा पुरावा शेजारच्या गावातून मिळाला. द्राक्षबागायतदार डावणी-भुरी या रोगांच्या अंदाजासाठी बागेत छोटं हवामान केंद्र बसवतात, तसं एक दोन किमीवर होतं. त्या दुपारी पंधरा मिनिटांत तापमान ३७ वरून २४ अंशांवर आलं, सर्वांत जोराचा झोत ताशी ६८ किमीचा, आणि पाऊस त्यानंतर. आधी गार झोत, मग पाऊस, हा क्रम गावातल्या प्रत्येकानं तसाच सांगितला. ६८ हा आकडा पाहून पुतण्या हिरमुसला. पण ते केंद्र पट्ट्याच्या कडेला, वेलींच्या उंचीवर होतं. मोकळ्यावर दहा मीटर उंचीला वारा याहून बराच जास्त असणार.

मुंबईच्या रडारवर काही दिसलं असेल का, असंही विचारून झालं. नाशिक तिथून दीडशे किमीच्या पुढे. एवढ्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून जवळपास तीन किमी वर असतो, मध्ये सह्याद्री. ढग दिसतो, पण त्याखाली रानात काय चाललंय ते दिसत नाही.

मग व्हिडिओतला खांब कसला? तो खोटा नव्हता. चित्रण थांबवत थांबवत पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात. खांब ढगाच्या तळापर्यंत पोचत नाही, वर विरून जातो. तो पावसाच्या पडद्याच्या बराच पुढे आहे, म्हणजे पसरत आलेल्या गार वाऱ्याच्या आघाडीवर. आणि अर्ध्या मिनिटात तो मोडतो. गार वाऱ्याची लाट पुढे घुसताना तिच्या कडेला असे भोवरे उठतात. रखरखीत उन्हात निरभ्र आकाशाखाली उठणाऱ्या वावटळीपेक्षा हे वेगळे, आणि ढगाशी जोडलेले नसल्यानं खरे टोर्नेडोही नव्हेत. शिवाय पुतण्याच्या गच्चीवरून दिशा लावून पाहिली तर तो खांब चाळीपासून जवळजवळ चारशे मीटरवरून गेला होता. चाळीचे पत्रे एकाच दिशेला, उत्तरेला, ओळीनं पडले होते. चाळ उलथवणारा वारा तो नव्हेच.

एकच चाळ, दोन निकाल

आता या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग. चाळ एकच, अँगल एकाच गाडीतून आलेले, वेल्डर एकच. उन्हाळ कांद्याची भराई चालू होती. पूर्वेची बाजू भरून झाली होती, पश्चिमेची रिकामी. भरलेल्या बाजूचे चार पत्रे गेले, बाकी सगळं जागेवर. रिकामी बाजू खांबांसकट, खालच्या काँक्रीटच्या गोळ्यांसकट उपटून उलटी पडलेली.

तक्ता घेऊन बसलं तर पूर्वेच्या बाजूला ११९ किमीची पायरी लागते, म्हणजे ईएफ-०. पश्चिमेच्या बाजूला पूर्ण शेड नष्ट धरलं तर १८० किमी, ईएफ-२. मधलं अंतर काही पावलांचं. वारा मध्ये साठ किमीनं बदलला असं कोणीच म्हणणार नाही. फरक कांद्याच्या वजनाचा. कांद्यानं आपल्या वजनानं तळ आणि खांब धरून ठेवले, रिकाम्या बाजूला धरायला काहीच नव्हतं. ईएफ पट्टी अमेरिकेतल्या बांधकामावर बेतलेली आहे आणि तीसुद्धा बांधणी कमकुवत असेल तर त्या पायरीचा किमान वेग धरायला सांगते. ‘चाळ उलथली म्हणजे ईएफ-३’ म्हणणाऱ्यानं चाळीच्या पायात हात घालून पाहिलं नव्हतं.

मी तो घातला. छत साधारण १५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे ७५ चौरस मीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. ताशी ११९ किमीला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६५ किलोचा दाब येतो. त्यात कांदाचाळ बाजूंनी जाळीची, हवा खेळावी म्हणून उघडी. वारा आत शिरून छताला खालून ढकलतो आणि वरून तोच वारा छत ओढतो. दोन्ही मिळून चौरस मीटरला ८० किलो धरले तरी पूर्ण छतावर सहा टनांची वरची ओढ. पत्रा आणि कैच्यांचं वजन टनभरही नाही. उरलेले पाच टन बारा खांबांत वाटले तर प्रत्येकाला चारशे किलोंहून जास्त. आणि खांबाखाली काँक्रीट किती? फूट बाय फूट, दीड फूट खोल. वजन सुमारे शंभर किलो. रिकामी चाळ उपटायला टोर्नेडो लागत नव्हता. एक चांगला वळीव पुरेसा होता. तो इतकी वर्षं आला नाही, एवढंच.

झाडांचा हिशेबही असाच सावधपणे करावा लागला. कठीण लाकडाचं झाड मुळासकट पडलं तर पट्टी सुमारे १४६ किमी सांगते, पण किमान १२२ पासून कमाल १९० पर्यंत. खोड मधूनच मोडलं तर सुमारे १७७. तीन लिंबांपैकी दोन जुन्या विहिरीच्या काठावरचे, एका बाजूची मुळं विहिरीच्या बांधकामानं तोडलेली. तिसरा धडधाकट बांधावरचा, तोच खरा साक्षीदार. खोड मधून मोडलेलं सबंध पट्ट्यात एकही झाड नव्हतं. विजेचे खांब सात पडले खरे, पण पहिला पडला आणि तारेनं बाकीच्यांना ओढलं. सातही एका ओळीत, एकाच बाजूला. तो सातांचा नव्हे, एकाच खांबाचा पुरावा.

सगळं जमेला धरून मी वेगाचा अंदाज ताशी ११० ते १४० किमी असा लिहिला. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी इमारतींच्या डिझाइनचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे, म्हणजे ताशी सुमारे १४०. आणि ईएफ-१ सुरू होतो १३८ ला. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेलं शेड हा वारा सोसायला हवं. नाशिक परिसरात शेतावर उभी असलेली किती शेड मानकाप्रमाणे बांधलेली आहेत, हे मी धंद्यात असल्यामुळे इथे लिहीत नाही.

माणसं कशानं जखमी झाली

मजुरांचं कुटुंब सुरगाण्याकडचं, कांदा काढणीला आलेलं. वादळ आलं तेव्हा तिघं खोलीत शिरली. चार बाजूंना पत्रा, वर पत्रा, आणि वरच्या पत्र्यांवर ते उडू नयेत म्हणून दहा-पंधरा किलोंचे दगड. जिल्ह्यात कोणत्याही वस्तीवर हेच दिसतं. आता दहा फुटी पत्र्याचा हिशेब पाहा. क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर, वजन पंधरा किलो. ताशी शंभर-सव्वाशे किमीच्या वाऱ्यात त्यावर दोनशे किलोंच्या वर ओढ येते. दोन दगडांनी तो राहणार नाही. जाताना दगड आत टाकून जाईल. बापाच्या डोक्यात पडला तो तसाच, छतावरचा दगड. मुलाला लागला तो भिंतीचा पत्रा, त्याच्या कडा कोयत्यासारखं काम करतात.

टोर्नेडो असो की वळीव, वारा स्वतः माणसाला क्वचित मारतो. मारतं ते वाऱ्यानं उचललेलं सामान आणि अंगावर कोसळणारं बांधकाम. जगातला सर्वांत प्राणघातक मानला जाणारा टोर्नेडो २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरियाच्या भागात झाला. सुमारे १३०० माणसं गेल्याचा अंदाज आहे. अमेरिकेत त्याहून प्रचंड टोर्नेडो झाले, पण बळी इतके नाहीत. २२ मे २०११ च्या जॉप्लिनच्या ईएफ-५ मध्ये १५८. दाट वस्ती, कच्ची आणि पत्र्याची घरं, इशारा देणारी व्यवस्था नाही, हे आकड्याच्या पट्टीत कुठेच येत नाही.

आणि आपल्याकडे तर टोर्नेडोचीही गरज नसते. १३ मे २०२४ ला घाटकोपरला धुळीच्या वादळात होर्डिंग पडलं आणि १७ जण गेले. १२० फूट बाय १२० फूट म्हणजे तेराशे चौरस मीटरच्या वर. वारा ताशी ९० किमीचा धरला तरी त्या फलकावर ५० टनांचा धक्का येतो. उज्जैनच्या सिंहस्थात ५ मे २०१६ ला वादळी पावसात मंडप कोसळून किमान सात जण दगावले. नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि तपोवनात मांडव, कमानी, स्वागताचे फलक उभे करण्याचं काम ऐन अवकाळीच्या महिन्यांत चालेल. तिथे कोणी ईएफ क्रमांक विचारणार नाही. मांडवाच्या खुंट्या काळ्या मातीत किती खोल गेल्यात आणि पाऊस पडून माती भिजल्यावर त्या किती ओढ सोसतात, हे मात्र कोणीतरी विचारायला हवं.

त्या कुटुंबानं काय करायला हवं होतं, हे गावात बराच वेळ बोललो. आप्पांचं पक्कं घर शंभर पावलांवर होतं. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली किंवा लहान खिडकीची न्हाणी हीच अशा वेळी सगळ्यात भक्कम जागा: खोली लहान, भिंती जवळजवळ, वर स्लॅब. डोक्यावर हेल्मेट. नाशिकमध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम झाली त्यानंतर घरोघरी एक तरी आहे, ते गाडीच्या आरशाला लटकतं, डोक्यावर येत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब सारखा होऊन घर वाचतं, हा समज गावातही निघाला. तो चुकीचा आहे. उघड्या खिडकीतून आत आलेला वारा छताला खालून उचलतो, चाळीत झालं तेच घरात होतं. महामार्गावर पुलाखाली गाडी लावून थांबणं हाही आडोसा नव्हे. तिथे वारा अरुंद जागेतून आणखी जोरानं घुसतो. ओक्लाहोमात ३ मे १९९९ ला पुलांखाली थांबलेली माणसं मेली आहेत. रानात असाल तर द्राक्षाचा मांडव, झाड आणि शेडनेट यांपासून दूर जायचं. मांडवाच्या तारा ताणलेल्या असतात, खांब सुटला की सगळी ओळ कोसळते, आणि वर वीज. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. त्याचा इशारा आला म्हणजे तेच ढग वाराही घेऊन येत आहेत, असं धरून चालायला हरकत नाही.

वारा थांबल्यावरची पंधरा मिनिटं वेगळीच घातक. आप्पा स्वतः पत्रे गोळा करायला धावले होते, आणि पत्र्यांखाली तार पडलेली होती. वीज आधीच गेलेली असल्यानं निभावलं. गेलेली वीज परत येते, हे त्या घाईत कोणाच्या डोक्यात नसतं.

पत्रात काय लिहिलं, पुढे काय झालं

सरपंचांना मी दोन पानी टिपण दिलं. “मेघगर्जनेच्या ढगातून वेगानं खाली आलेल्या व आडव्या पसरलेल्या वाऱ्यामुळे नुकसान, अंदाजे वेग ताशी ११० ते १४० किमी, सोबत अवकाळी पाऊस, फिरत्या वादळाचा पुरावा नाही,” अशा शब्दांत. सोबत बाणांचा नकाशा आणि शेजारच्या केंद्राची नोंद. त्यांचं तोंड उतरलं, पण तलाठ्यांना तो नकाशा उपयोगी पडला. पट्ट्याच्या आतली घरं कोणती आणि बाहेरची कोणती, यावरून गावात सुरू झालेली भांडणं त्यावर मिटली. पंचनामा अवकाळी पाऊस आणि वादळी वारा असाच झाला.

पुतण्यानं शेवटी विचारलंच, “मग सर, नंबर किती?” ही पट्टी टोर्नेडोची आहे, पण अमेरिकेतही सरळ वाऱ्याचा वेग काढताना त्याच खुणा वापरतात. त्या हिशेबानं ईएफ-० च्या वरच्या टोकाला, असं मी म्हणालो. त्यानं व्हिडिओचं शीर्षक बदललं नाही.

आप्पांना नंबरात रस नव्हता. “कशानं गेली ते कळलं. आता कशानं राहील ते सांगा,” एवढंच त्यांचं म्हणणं. नव्या चाळीला प्रत्येक खांबाखाली ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ७५ सेंटिमीटर खोल काँक्रीट घातलं, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. खांब काँक्रीटमध्ये नुसता उभा न करता खाली आडवे अँगल वेल्ड केले. पत्र्यांचे इंग्रजी ‘J’ आकाराचे हुक कडेच्या आणि कोपऱ्याच्या ओळींत दुप्पट केले, कारण ओढ तिथेच सर्वांत जास्त असते आणि पत्रा सुटायला तिथूनच सुरुवात होते. खर्च वाढला, पण चाळीच्या एकूण खर्चात तो फार मोठा भाग नव्हता.

मजुरांच्या खोलीवर मात्र बोलणी लांबली. चाळीत माल असतो, खोलीत माणसं असतात, पण पैसा चाळीवर आधी लागतो. शेवटी असं ठरलं की छतावरचे दगड उतरवायचे, पत्रे पाइपला बोल्टनं बांधायचे आणि खोलीला लागून विटांची, वर स्लॅब असलेली न्हाणी बांधायची, म्हणजे रोजच्या वापरालाही येईल आणि वादळात तिघा-चौघांना उभं राहता येईल. दगड आठवड्यातच उतरले, बोल्टही बसले. न्हाणीचं काम गवंडी मिळेना म्हणून दिवाळीनंतर धरलं आहे. अवकाळीचा पुढचा हंगाम मार्चमध्ये लागतो, त्याआधी स्लॅब पडायला हवा, असं आप्पांकडून त्या टिपणाच्याच मागे लिहून घेतलं.